वाकडी चकती

“पट्टी गेली म्हणान सांग,” लवूकाका म्हणाले. “चकती वाकडी येतली. कोणी इचारल्यान तर सांग, पट्टी झिजली हा. कळला?”

मी हातातला पाना खाली ठेवला. सकाळचे आठ वाजले होते. तिठ्यावरचं माझं दुकान म्हणजे चार पत्रे, एक टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं. त्या बाकड्यावर लवूकाका बसले होते, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. डिसेंबरातली थंडी होती, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

“पण काका, पट्टी बदलून चार महिने पण नाय झाले. मीच बसयलंय.”

“म्हणान तर तुका सांगतंय. तू सांगलंस तर कोण परत बघूचो नाय.”

“किंमत पडतली. माका सात हजाराच्या वर आकडो सांगूक येवचो नाय.”

“पडांदे.”

“पण कित्याक?”

लवूकाका उठले. “सगळ्याक कित्याक कित्याक करू नको. सांगलंय तेवढा कर,” म्हणाले आणि चहाला थांबा म्हटलं तरी न थांबता निघून गेले. मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिलो. आपलंच मशीन वाईट म्हणून सांग, असं सांगायला आलेला विकणारा मी जन्मात पाहिला नव्हता.

झाडं कापायच्या मशीनचा धंदा माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या कुसगावच्या बाजूला झाड तोडणारे पुष्कळ. पाडणारे मोजके. तोडणं म्हणजे मशीन चालू करून लाकडाला लावणं. ते कुणालाही येतं. पाडणं म्हणजे दोन घरांच्या मधल्या बोळात, एका बाजूला विजेची तार आणि दुसऱ्या बाजूला तुळस असताना, साठ फुटांचा फणस सांगितल्या जागी आडवा करणं. लवूकाका धुरी पाडणारे होते. झाडाला मशीन लावायच्या आधी ते जमिनीत एक खुंटी मारायचे आणि झाड त्या खुंटीवर पडायचं. एकदा नाही, दरवेळी. लोक कामधंदा सोडून बघायला यायचे, आणि काका मात्र झाड पडल्यावर खुंटीकडे बघायचेसुद्धा नाहीत, विडी पेटवायचे.

मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. चेनीला कानस कशी मारायची हे त्यांनी मला शिकवलं. मशीनच्या लांब लोखंडी पट्टीभोवती चेन फिरते आणि त्या चेनीवर दात असतात, एक डावा, एक उजवा, असे एकाआड एक. बाकीची माणसं एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवून घेतात आणि दुसऱ्या बाजूला बसतात. लवूकाका मशीन हलवत नसत. डावे दात डाव्या हाताने, उजवे उजव्या हाताने. “दोनय हातांका काम व्हया,” म्हणायचे. मला डाव्या हाताने कधी जमलं नाही. त्यावरून त्यांनी मला चार वर्षं चिडवलं. “अंकुश, तुझो डावो हात फक्त जेवताना ताट धरूक,” असं सगळ्यांसमोर म्हणायचे. पुढे मी पाडणं सोडलं आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा दुकानाचा नारळ त्यांनीच फोडला.

तर त्या वर्षी भाई राऊळांनी रस्तारुंदीचं काम घेतलं होतं. कुसगावपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत दोन्ही बाजूंची दोनशेच्या वर झाडं काढायची होती. भाईंनी ठरवलं, मशीनं सगळी आपल्या मालकीची असावीत. माणसांची जुनी मशीनं रास्त भावात विकत घ्यावीत आणि माणसांना रोजावर ठेवावं. तोडणाऱ्यांना साधा रोज. पाडणाऱ्याला दुप्पट, आणि पाडणारा एकच, लवूकाका. भाईंनी तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. काका त्या दिवशी घरी जाताना माझ्या दुकानावर थांबले होते आणि काही कारण नसताना दोन वेळा चहा प्यायले होते. साठी जवळ आली होती त्यांची. एवढं मोठं काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं.

जुनं मशीन विकायची आमच्याकडे एक रीत आहे. विकणारा किंमत बोलत नाही, घेणारा बोलत नाही. दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस मशीन पारखतो आणि त्यानं उच्चारला तो आकडा. त्यावर घासाघीस नाही. मशीन जसं कामावरून आलं तसंच आणायचं. नवी चेन घालून आणलं तर लोक म्हणतात, काहीतरी झाकलं आहे. आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून कानस मारून घेतली तरी तेच. आणि शेवटी पारखणारा त्या मशीनने ओंडक्याची एक चकती काढतो. चकती सगळीकडे सारख्या जाडीची आली तर मशीन सरळ कापतं. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ आली तर काहीतरी बिनसलं आहे.

तो तिसरा माणूस म्हणून भाईंनी माझं नाव घेतलं होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो. माझ्या मानाने हा मान फारच मोठा होता आणि मी तो डोक्यावर घेऊन फिरत होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

भाईंच्या लाकडाच्या वखारीत त्या दिवशी सात मशीनं आणि वीस-पंचवीस माणसं होती. पहिल्या मशीनच्या सायलेन्सरला मी हात लावला तर तो गरम. थंड मशीन पहिल्या ओढीत चालू होतं की नाही हे कळू नये म्हणून मालकाने वाटेतच चालू करून आणलं होतं.

“काय रे, हेका घराकडसून च्या पाजून हाडलंस काय?” मी म्हटलं.

वखार हसली. मालकही हसला. मी ते मशीन अर्धा तास सावलीत ठेवायला लावलं, मग दोरी ओढली, आठ वेळा. चार हजार म्हणालो आणि कुणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या पाचांनाही असंच झालं. प्रत्येक आकड्यानंतर माणसं माना डोलवायची. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

सातवं लवूकाकांचं. सायलेन्सर गार. मशीन दोरीला धरून उचललं तर दोरी हळूहळू सुटत खाली आली, म्हणजे इंजिनात दम आहे. सायलेन्सर खोलून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. पिस्टनवर एक ओरखडा नाही. बारा वर्षं वापरलेल्या मशीनच्या पिस्टनवर एक ओरखडा नाही म्हणजे त्या माणसानं पेट्रोलमध्ये तेल एकदाही डोळ्यांच्या अंदाजाने घातलेलं नाही. मी ते सगळ्यांना ओळीने दाखवलं. मग मशीन चालू केलं आणि पट्टीचं टोक फणसाच्या पानावर धरलं; पानावर तेलाची बारीक रेघ उमटली. तेलाचा पंप ठीक होता. पहिल्या ओढीत चालू झालं होतं हे सांगायला नको.

मग मी ओंडक्यावर मशीन ठेवलं आणि चकती काढली.

मशीन खाली जाता जाता एका बाजूला ओढत होतं. मी हाताने आवरायचा प्रयत्न केला, पण अशा वेळी हात पुरत नाही. चकती खाली पडली. एका कडेला दोन बोटं जाड, दुसऱ्या कडेला अर्धं बोट. पाचर म्हणून वापरता आली असती.

भाईंनी चकती उचलली आणि फिरवून बघितली.

“अंकुश, ह्या काय?”

मी लवूकाकांकडे पाहिलं. ते ओंडक्यांच्या राशीकडे बघत उभे होते, हात पाठीमागे बांधून. आता मी बोलायचं होतं, पट्टी गेली. दोन शब्द. सात हजार, आणि पुढचं बोलणं संपलं असतं.

सकाळपासून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, काकांनी असं का सांगितलं. आणि मी त्याचं उत्तरही काढून ठेवलं होतं. भाईंनी त्यांना आतून दाबलं असणार. काम हवं असेल तर मशीन स्वस्तात दे, असं काहीतरी. काका भिडस्त माणूस. स्वतःसाठी कधी दोन शब्द बोलले नाहीत. बारा वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं मशीन, आणि ते सात हजारांना जाणार? माझ्या देखत? मी पारखणारा असताना? मला राग आला होता. तो काकांच्या प्रेमापोटीच आला होता, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण त्यात वखारीतल्या पंचवीस माणसांनी पुन्हा एकदा मान डोलवावी, ही हावही होती.

मी पट्टी सोडवली. भाईंच्या टेबलावरची काच उचलून आणली आणि त्या काचेवर पट्टी उभी केली. इकडून तिकडून उजेडाची फट दिसत नव्हती.

“पट्टी सरळ आसा,” मी मोठ्याने म्हणालो. “बघा कोणय येवन. मशीन पण सरळ आसा. दोष कानशीत आसा. दात एका बाजूचे उतारले हत. चेन बदला, नऊशे रुपयांची. ह्या मशीनचे अकरा हजार.”

अकरा हजार म्हटल्यावर माणसांत कुजबुज झाली. मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते निदान ओठांतल्या ओठांत हसतील. त्यांनी डोळे मिटले होते.

भाई टेबलावर चेन घेऊन दातांवरून अंगठा फिरवत होते. ते काही कारागीर नव्हते, पण वीस वर्षं लाकडात काढलेला माणूस होता.

“काका, कानस कोण मारता?”

“मीच,” लवूकाका म्हणाले.

“तुमीच?”

“मीच. आणखी कोण मारतलो?”

भाईंनी चेन खाली ठेवली. आवाज खाली आणला. “काका, रागाव नकात. शाळेकडचो शिरस माझ्या डोळ्यांसमोर आसा. फांदी जरा इकडची तिकडे झाली तर खाली छप्पर आसा, आणि छपराखाली पोरा. माका बघूक व्हया.” त्यांनी टेबलावरची कानस उचलून पुढे केली. “एक दात मारून दाखवा.”

काकांनी कानस घेतली. बसले. चेन मी पट्टीवर चढवून दिली, अजूनही मला काही कळलेलं नव्हतं. उजव्या हाताने त्यांनी कानस दातावर टेकवली आणि पुढे लोटली. ती दातावरून सुटली आणि पट्टीवर घासून खडखडली. त्यांनी परत टेकवली. परत सुटली. तिसऱ्या वेळी कानस हातातून गळून पडली आणि काकांना ते लगेच कळलंसुद्धा नाही. रिकामा हात तसाच पुढे गेला.

“चष्मो घरात रवलो,” ते म्हणाले.

काका चष्मा लावत नव्हते. ते भाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, वखारीतल्या निम्म्या माणसांना माहीत होतं. पण सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, “व्हय, वय झाला की नजर जाताच.” भाईही म्हणाले, “व्हय, व्हय. नजरेचा काम आसा ह्या.” मग थोडं थांबून म्हणाले, “पाडूक आपण घाटावरसून माणूस बोलवया. काका, तुमी लाकडा मोजूक बसा. रोज तोच देतंय.”

“नको,” काका म्हणाले.

भाईंनी अकरा हजार दिले. काकांनी ते शर्टाच्या वरच्या खिशात कोंबले आणि त्यातल्या दोन नोटा खाली पडल्या. मी पुढे होऊन त्या उचलल्या आणि त्यांच्या खिशात घातल्या. माझ्या डोळ्यांना डोळा न देता ते म्हणाले, “अकरा बरोबर सांगलंस. किंमत बरोबर.”

आणि चालत निघून गेले. मशीन न घेता त्यांना वखारीतून जाताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

तेव्हा कळलं, आणि सगळं एकदम कळलं. मांडीखाली घेतलेले हात. पाठीमागे बांधलेले हात. तीस वर्षं थरथरतं मशीन धरून माणसाची बोटं हळूहळू मरतात. थंडीत पांढरी पडतात, मग बधिर होतात, मग पकड जाते. मी ते ऐकलेलं होतं. काकांना होईल असं कधी मनातही आलं नव्हतं. ते मला सांगायला आले होते आणि सांगू शकले नव्हते. पट्टी गेली म्हणालो असतो तर मशीनला बट्टा लागला असता. मी मशीनचा बट्टा पुसला आणि माणसाला लावला, तोही चारचौघांत, काच आणून, उजेडात धरून. काकांनी खरं कारण सांगितलं असतं तर मी खोटं बोललो असतो का? असतो, असं मला वाटतं. पण मग शाळेचं छप्पर आठवतं आणि त्या प्रश्नाशी मी थांबतो. सोळा वर्षं झाली. अजूनही लोक मशीन पारखायला मला बोलावतात. मी आकडा सांगतो. कारण सांगत नाही.

आठ दिवस मी त्यांच्या घराच्या वाटेने गेलो नाही. नवव्या दिवशी दुपारी काकाच दुकानावर आले. बसले नाहीत.

“घराकडे ये,” म्हणाले. “तुझी काकी धड जेवक नाय आठ दिवस. माझा आयकणा नाय. तुझा आयकतली.”

“काय झाला काकीक?”

“ये तू. तीच सांगतली.”

आम्ही चालत गेलो. मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी बोलायला गेलो की काका कुठल्यातरी झाडाकडे बोट करून, ह्याला पोखर लागली आहे, तो सागवान यंदा वाढला नाही, असं काहीबाही सांगायचे. बोट नीट सरळ होत नव्हतं.

काकी घरापुढच्या खळ्यात कुळीथ पाखडत बसली होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. डोळे सुजलेले. काकी एरवी मोठ्या आवाजाची बाई, मी हाताखाली असताना मला ताटावर बसवून दटावून जेवायला घालायची. त्या दिवशी तिनं बस असंसुद्धा म्हटलं नाही.

“अंकुश, खरा सांग,” ती म्हणाली. “माका बरा वाटाक व्हया म्हणान सांगू नको. डावे दात चुकले ना?”

“डावे?”

“लोक म्हणतत तेंची नजर गेली. नजर बरी आसा तेंची. तिठ्यावरचो माणूस हयसून वळाखतत. कानस चुकली, आणि कानस माझी होती.” तिचा आवाज फाटला. “डावे दात मी मारतंय रे. दोन वर्सा झाली. तेंचो डावो हात बधिर झालो तेवापासना. उजवे ते मारतत, डावे मी. कोणाक सांगाक नाय. मी तेंका म्हटलंय होतंय, बायल माणसाच्या हातची कानस ही, अंकुशाकडे देवया. तर म्हणाले, नको, तो वळाखतलो. आता माझ्यामुळे तेंचा नाव गेला.”

मी काकांकडे पाहिलं. ते ओटीच्या खांबाला टेकून उभे होते.

“तिका मी सांगतंय, तुझा काय चुकाक नाय,” ते म्हणाले. “तर म्हणता, तुमी माझी समजूत घालतास. माझा तिका पटाचा नाय. तू पारखणारो. तू सांग.” ते आत गेले आणि जुनी चेन गुंडाळून ठेवलेला पत्र्याचा डबा घेऊन आले. मशीनला नवी चेन घालून भाईंनी जुनी परत पाठवली होती. डबा त्यांनी दोन्ही मनगटांत धरला होता. “सांग तिका. त्या दिवशी सांगलंस तसा. सगळा सांग.”

“काका…”

“सांग. तेवा घाबारलंस नाय, आता कित्याक घाबारतंस?”

आवाजात राग नव्हता. मला राग असता तर बरं वाटलं असतं.

मी खळ्यात बसलो आणि चेन मांडीवर पसरली. काकीला विचारलं, “काकी, तुमी दात कसो मापी होतास?” ती उठली, आत गेली आणि माडाच्या हिराचा एक तुकडा घेऊन आली. झाडूतली काडी. दाताच्या लांबीएवढी कापलेली. नवी चेन आणली होती तेव्हा तिनं पहिल्या दातावर धरून ती कापली होती. दर वेळी आपल्या बाजूचे सगळे दात सारखे घासले गेले की काडीही तेवढीच छाटायची, म्हणजे पुढच्या खेपेला सगळ्यांचं माप एकच. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी काडी पहिल्या डाव्या दातावर धरली. बरोबर बसली. दुसऱ्यावर धरली. बरोबर. तिसऱ्यावर. मला वखारीतली ती चेन आठवली. डावे दात मी तेव्हाही पाहिले होते आणि मनात म्हटलं होतं, काकांचा डावा हात अजून तसाच आहे.

“काकी, ह्या बाजूक एक दात चुकाक नाय,” मी म्हणालो. “मी मारलेली चेन पण अशी येणा नाय. खोटा नाय सांगत. माझ्या दुकानात चौदा चेनी आसत, येवन बघा.”

“मगे चकती वाकडी कशी इली?”

तिनं माझ्या हातातून काडी घेतली. तिचा माझ्यावर विश्वास नव्हताच. ती स्वतःच डावे दात तपासायला लागली, ओठ हलवत, एक एक करत, पुरे अठरा. मग चेन उलटी केली आणि उजव्या दातांवर काडी धरली.

पहिल्यावर काडी बाहेर आली. दुसऱ्यावर निम्मी बाहेर. तिसरा दात थोडा बरा होता. चौथा मुळापर्यंत गेलेला, पाचव्याचा कोनच भलतीकडे. सहाव्या दातावर तिचा हात मंद झाला. सातव्यानंतर तिनं काडी खाली ठेवली.

“हे तुमी मारलास?” तिनं मान वर न करता विचारलं.

“व्हय,” काका म्हणाले.

“उजव्या हातान?”

“व्हय.”

“केवापासना?”

“गेल्या शिमग्यापासना.”

तिच्या तोंडावरून काय काय जात होतं ते मला दिसत होतं. शिमगा ते डिसेंबर. या महिन्यांत काकांनी किती झाडं पाडली ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. कुणाच्या घराजवळचा माड, कुणाच्या गोठ्यावरचा आंबा, घरी आल्यावर ते तिला सगळं सांगायचे.

“दोनय हात गेले आणि तुमी झाडाखाली उभे रवलास?” ती म्हणाली. “आणि मी रोज डबो भरून पाठवी होतंय?”

“तुका सांगलंय असतंय तर तू पाठवलंस नसतंस.”

“नसतंयच पाठवलंय!”

ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मग उठून ती त्यांच्यापाशी गेली. त्यांचा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं एकेक करून दाबायला लागली, आधी हळू, मग नखं रुतेपर्यंत. काका तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

“कळता?” तिनं विचारलं.

“कळता.”

“ह्या?”

“कळता गो.”

“आता?”

“व्हय, कळता. सांगतंय ना,” काका म्हणाले.

काकीनं तोवर त्यांचा हात सोडून दिला होता आणि तोंडावर पदर घेतला होता.